गेफील्ड पार्क, आर्ब्रोथ: माकडटोपी न्याच

डंडीत दोन वर्षं काढली तरी स्कॉटिश फुटबॉल मॅच बघितली नव्हती, शेवटी जानेवारीतल्या एका शनिवारी ट्रेन पकडली, वीसेक मिनिटांत आर्ब्रोथ. ग्राउंड शोधायला मॅप लागत नाही, वारा जिकडून थोबाडीत मारतोय तिकडे चालत राहायचं. भिंतीपलीकडे लगेच नॉर्थ सी, युरोपात समुद्राला इतकं खेटून दुसरं ग्राउंड नाही म्हणतात आणि तिथं उभं राहिलं की पटतं.

बसायची सोय फक्त मेन स्टँडमध्ये, बाकी तीन बाजूंना उभं राहायचं. मी उभा राहिलो आणि तेच बरं झालं, कारण हाफटाइमला आख्खं पब्लिक उठून समोरच्या गोलमागे चालत गेलं, आपली टीम जिकडे गोल मारणार तिकडे! मीही निघालो मागोमाग, लग्नात पंगत उठल्यासारखं. शेजारचे आजोबा न विचारता माहिती देत होते. १८८५ मध्ये इथल्या क्लबने बॉन अकॉर्ड नावाच्या टीमला ३६-० हरवलं, तेव्हा गोलला जाळीच नसायची, त्यामुळे बॉल आणण्यातच किती वेळ गेला असेल बघा. जॉकी पेट्रीचे एकट्याचे १३.

आमच्या मॅचमध्ये तसलं काही नाही, ०-० आणि पास म्हणाल तर यथातथाच. पण कीपरने जोरात मारलेला बॉल वर गेला, हवेत थबकला आणि मागे त्याच्याच बॉक्सजवळ येऊन पडला, हे टीव्हीवर कधी बघितलंय का? २०२१-२२ ला नोकऱ्या सांभाळून खेळणारी हीच टीम चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या दोन नंबरच्या लीगमध्ये, दुसरी आली होती, असल्या वाऱ्याची सवय असेल तर काय अवघड आहे म्हणा.

खाण्याचं: मीट पाय (मटण-बिटण भरलेली पेस्ट्री) ठीक, मिरपूड भरपूर. बॉव्हरिल सगळे पितात पण तो बीफचा अर्क असतो, न खाणाऱ्यांनी चहाच घ्या. खरी मजा स्मोकीची, म्हणजे शेपटीला शेपटी बांधून लाकडाच्या धुरावर भाजलेला हॅडॉक मासा. हार्बरकडच्या दुकानातून मॅचच्या आधीच घ्या, मी गरम पुडी जॅकेटच्या आत ठेवली होती, फर्स्ट हाफ तिच्यावरच निघाला. येताना डब्यात माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

चार स्टार. एक कापला तो कानांसाठी.