बीजिंगचा मोफत मसाज आणि 'किडनी वीक'

चीनच्या ग्रुप टूरमध्ये बीजिंगला 'पारंपरिक औषध केंद्र' असा एक थांबा बऱ्याचदा घुसडलेला असतो. ग्रेट वॉल चढून गुडघे बोलायला लागलेले असतात. अशा वेळी मोफत मसाजला कोण नाही म्हणणार? पाय गरम पाण्याच्या घंगाळात बुडालेले असतानाच पांढऱ्या कोटातले 'प्रोफेसर' दुभाष्याला घेऊन हजर होतात. ओल्या पायांनी उठून पळणार कुठे?

मनगटावर तीन बोटं, जीभ बाहेर, दोन मिनिटांत निदान: "किडनी वीक." इथेच माणूस गळाठतो. चिनी वैद्यकात 'शन', म्हणजे मूत्रपिंड, हाडं सांभाळतं अशी कल्पना आहे. कंबर-गुडघे दुखले की शन अशक्त म्हणणं तिथे नेहमीचंच. त्याचा किडनीच्या रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनशी काही संबंध नाही. दुभाष्या एवढंच सांगत नाही. डोळ्यांसमोर डायलिसिस दिसायला लागलेला माणूस गोळ्यांच्या तीन महिन्यांच्या कोर्ससाठी कार्ड काढतो आणि हजारो युआन जातात.

नाडी, जीभ खरा चिनी वैद्यही बघतो, पण मग तो चिठ्ठी लिहितो. जुन्या कंबर-गुडघेदुखीवरचा 'दु हुओ जी शेंग तांग' हा काढा १५ घटकांचा. प्रत्येक घटक ग्रॅममध्ये तोलून पुडी बांधतात, ती उकळून प्यायची, आणि फरक पडलाच तर हळूहळू. बिनलेबलच्या काळ्या गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी जिने चढता आले, तर खूश होऊ नका. तैवानच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पारंपरिक औषधांच्या २,६०९ नमुन्यांपैकी २३.७ टक्क्यांत आधुनिक औषधांची भेसळ निघाली होती. सांधेदुखीच्या गोळ्यांत बहुधा वेदनाशामकं आणि स्टेरॉइड घालतात.

चीनमध्ये बाजारात विकायला मंजूर झालेल्या पारंपरिक औषधाच्या खोक्यावर चार चिनी अक्षरं, मग रोमन झेड आणि आठ आकडे असा क्रमांक असतो. चिनी येत नसलं तरी झेड ओळखता येतो, आकडे मोजता येतात.

गोळ्या आधीच सुरू असतील तर चेहरा गोल होतोय का, भूक आणि साखर वाढलीय का, काही लागलं नसताना काळेनिळे डाग उठतात का, ते बघा; ही लपवलेल्या स्टेरॉइडची लक्षणं. त्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असेल तर सकाळी आठचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, रक्तात उलट कमी येतं: शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं आणि बाहेरून आलेलं त्या चाचणीत मोजलं जात नाही. म्हणजे चेहरा स्टेरॉइडचा, रिपोर्ट मात्र कमतरतेचा. हा विरोधाभास डॉक्टरांना लगेच कळतो, फक्त गोळ्यांचं लपवू नका. कळल्यावर रागाच्या भरात त्या एकदम बंदही करू नका. तीन आठवड्यांहून जास्त घेतल्या असतील तर उलट्या सुरू होऊन रक्तदाब कोसळू शकतो. बाटली तशीच डॉक्टरांपुढे ठेवा. ते माहीत असलेल्या मात्रेचं स्टेरॉइड देऊन ते उतरवत आणतील.