वापरानंतर: हा बँड उठवतो छान, पण छत्री धरली की पावलं विसरतो

'लिक्विड डॅमेज. नॉट कव्हर्ड.' पणजीच्या कलेक्शन सेंटरमधून माझा फिटनेस बँड (मनगटावर बांधायचा, पावलं आणि ठोके मोजणारा पट्टा) परत आला तेव्हा पाकिटावर एवढंच लिहिलेलं होतं. खोक्यावर पोहणाऱ्या बाईचं चित्र, तिच्या डोक्यावर ठळक '५ एटीएम' (म्हणजे पाण्याचा दाब सोसतो), आणि बिघाडाचं कारण काय, तर पाणी. मी पोहत नाही. मला घाम येतो. गोव्यात मे महिन्यात कुणाला येत नाही?

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून चालू आहे, आणि दोन-अडीच हजारांच्या घरातले हे सगळे बँड एकाच माळेचे मणी आहेत. स्क्रीन उन्हात दिसते, बॅटरी आठवडाभर जाते, पट्टा सिलिकॉनचा. बाकीचा तक्ता कुठेही मिळेल. सेलमध्ये २,१९९ ला पडला.

घेतला तो रक्ताच्या रिपोर्टमुळे. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, ६.५ पासून मधुमेह. डॉक्टर म्हणाले गोळी नको, आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चाला, आणि दिवसभर खुर्चीला चिकटून राहू नका. पहिलं जमण्यासारखं होतं. दुसरं कठीण, कारण मी फोंड्यात एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळते. एकदा व्हाउचरांत डोकं घातलं की जेवायलाच उठायचं.

तर आधी चांगलं सांगते, कारण या बँडात एकच गोष्ट पैसे वसूल करणारी आहे आणि जाहिरातीत तिचा उल्लेखही नाही. तासभर हललं नाही की मनगटाला थरथर होते. बस्स. आवाज नाही, बाई नाही, 'यू कॅन डू इट' नाही. टेबलावर हात टेकलेला असेल तर लाकूडच गुरगुरतं आणि समोरचा विचारतो, कुणाचा फोन? सुरुवातीला नुसती उभी राहून बसायचे, तर हा शहाणा ऐकत नाही. थोडं चाललं तरच गप्प होतो. मग कूलरपर्यंत जायचं, पेला भरायचा, खिडकीतून पार्किंग बघायचं, परत यायचं. बाटली भरून टेबलावर ठेवायची सवय मी मुद्दाम सोडली. बाटली जवळ असली की उठायला निमित्तच उरत नाही.

एवढ्याशा चालण्यानं काय होतं, असं आमचे हे म्हणायचे. तर २०२२ मध्ये 'स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकात एक आढावा आला होता: बसण्यात मध्ये मध्ये खंड पाडून दोन ते पाच मिनिटं सावकाश चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. नुसतं उभं राहण्यापेक्षा चालण्याचा फायदा जास्त. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून. आपल्याकडे शतपावली होतीच, ती रात्रीपुरती उरली होती. आता दुपारच्या शीत-कडीनंतरही ऑफिसच्या जिन्यापर्यंत दोन फेऱ्या मारते.

घरी सासूबाईंनी तर त्याला अलार्मच करून टाकलं आहे. मी मालिका बघत बसले आणि मनगट थरथरलं की त्या सोफ्यावरून, 'वाजलें गो तुजें, ऊठ.' स्वतः मात्र उठत नाहीत.

इथवर पाचपैकी साडेचार. आता पावलं.

सकाळी मी ढवळीहून कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळापर्यंत चालत जाते. उजाडतानाच निघायचं, पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजायच्या आत, म्हणजे परत येताना गरम पाव हातात मिळतो. (पाव की पोय, हा वाद साखरेच्या पेशंटांच्या घरात रोज असतो. कोंड्याची पोय बरी, पण दोन.) एप्रिल-मेमध्ये आकडे झकास येत होते. जूनमध्ये पाऊस लागला आणि आकडे निम्म्यावर आले. रस्ता तोच, देऊळ तेच, दम तेवढाच.

कारण छत्री. हे उपकरण पावलं मोजत नाही, हाताचे हेलकावे मोजतं. आत एक अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, तो लयीत हलणाऱ्या हातावरून पावलांचा अंदाज बांधतो. डाव्या हातात छत्री धरली की हात स्थिर, आणि स्थिर हात म्हणजे त्याच्या लेखी बसलेली बाई. एकदा तर देवळाच्या चढावर, धो धो पावसात, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला असताना यानं थरथरून सांगितलं की उठा, हालचाल करा. देवीसमोर शिवी देता येत नाही म्हणून गप्प बसले.

आणि उलटं बघा. आदोळीवर बसून नारळ खोवला तर पावलं वाढतात. एका वाटीचं खोबरं म्हणजे बऱ्यापैकी फेरफटका होतो. स्कूटरवरून खड्ड्यांतून गेलं की वाढतात. ज्या रस्त्यावर माणूस चालू शकत नाही तिथेच हा सर्वात जास्त चालतो. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलं की पुन्हा शून्य.

उपाय म्हणाल तर पावसाळ्यात मी बँड घोट्याला, मोज्यात खोचून बांधते. तिथे तो बरोबर मोजतो, पण मग हृदयाच्या ठोक्यांचं विसरा. हिरवा दिवा मनगटाच्या कातडीतून रक्ताची चढउतार बघतो, मोज्याच्या लोकरीतून काय बघणार? आणि थरथर पायाला झाली की गोम चढल्यासारखं वाटतं. दोनदा किंचाळले आहे. गोव्यातल्या चार महिन्यांच्या पावसात उपयोगी पडत नसेल तर वर्षातला तिसरा हिस्सा हा यंत्र म्हणून रजेवरच असतो. किमतीतून तेवढे पैसे वजा करायला हवेत.

दहा हजार पावलांचं ते गोल वर्तुळही मला डोक्यात जातं. हा आकडा कुठल्या डॉक्टरनं दिलेला नाही. १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याच्या जाहिरातीबरोबर तो जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क बायकांवरचा एक अभ्यास छापून आला. त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. त्या बायकांचं सरासरी वय बहात्तर होतं, माझं नाही. तरीही मी अ‍ॅपमध्ये लक्ष्य ७,००० करून टाकलं. वर्तुळ पूर्ण झालं की फटाके उडतात, ते मात्र बघायला आवडतं. खोटं कशाला बोलू.

झोपेबद्दल थोडक्यात. सुरुवातीला मी रोज सकाळी 'डीप स्लीप' किती ते बघायचे आणि कमी दिसलं की दिवसभर जांभया द्यायचे. खरी झोप मोजायची तर डोक्याला तारा लावून मेंदूचे विद्युतप्रवाह बघावे लागतात. मनगटावरचा पट्टा हालचाल आणि ठोके बघून अंदाज करतो. झोपेचे आकडे बघून झोप उडणाऱ्यांवर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लेखही लिहिला आहे. मी ते पान अ‍ॅपमधून काढून टाकलं. शिवाय माझी रविवारची वामकुक्षी यानं कधी मोजली नाही, आणि रात्री मालिका बघताना मात्र मला झोपलेली समजला. गोव्यात विकायचं आणि दुपारची झोप धरायची नाही, हे कुठलं धोरण?

पावलांचं आणि झोपेचं हे सगळं जुलैत लिहून ठेवलं होतं. टाकायचं राहिलं, ते बरंच झालं, कारण चवथीत मत बदललं.

चवथीला आम्ही मूळ गावी जातो. त्या दिवसांत चालणं नाही, नेवऱ्या आणि पातोळ्या आहेत, माटोळी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) बांधायची असते, माणसांची वर्दळ. सकाळचा नेम चुकला आणि अ‍ॅपनं माझी सलग दिवसांची साखळी तोडून शून्यावर आणली. वर एक रडका चेहरा. त्याआधी '२१ दिवसांत सवय' असं एक चॅलेंज पूर्ण केल्याचं पदकही यानंच दिलं होतं. आता हे २१ कुठून आणलं ते कंपनीलाच ठाऊक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात माणसांना रोजची एक सवय लावून पाहिली होती, तेव्हा ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. अ‍ॅपवाल्यांना नेमकं एवढंच कळलेलं नाही. एक दिवस चुकला की शून्य दाखवणारं यंत्र माणसाला दुसऱ्या दिवशी चालायला लावत नाही, यंत्र कपाटात टाकायला लावतं. माझ्या नणंदेनं तेच केलं. तिचा त्याच कंपनीचा बँड आता भाच्याच्या हातात घड्याळ म्हणून आहे.

मजा म्हणजे त्याच चवथीत रात्रीच्या घुमट आरतीला मी कासाळे (झांजा) वाजवत होते. घुमट आणि शामेळ रंगात आले, आरत्या लांबल्या, आणि वर्तुळ पूर्ण होऊन फटाके उडाले. बसल्या जागी सात हजार. साखळी परत सुरू झाली ती गणपतीच्या कृपेनं, कंपनीच्या नाही. तेव्हापासून साखळीचा विजेट बंद, पदकं बंद, मित्रांची क्रमवारी बंद.

आता तो लिक्विड डॅमेज. बँडाच्या पोटाशी दोन बारीक पितळी टिकल्या असतात, चार्जरची क्लिप चुंबकानं तिथे चिकटते. ऑगस्टपासून चार्जिंग अधूनमधून सुटायला लागलं. मुलीनं मोबाईलच्या टॉर्चखाली धरून दाखवलं: एका टिकलीभोवती हिरवट पूड, आणि टिकलीचा सोनेरी मुलामा उडून खाली काळसर खड्डा. घामातलं मीठ, त्यात चार्जिंगचा प्रवाह. वरचा पातळ मुलामा गेला की आतलं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. आमच्या हवेत पितळेची समई आठवड्यात काळवंडते, तिथे याची काय कथा. ५ एटीएम म्हणजे पन्नास मीटर खोल पाण्याएवढा दाब सोसण्याची चाचणी; घामात टिकल्या किती दिवस शाबूत राहतील, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

फोंड्यात सर्व्हिस सेंटर नाही. पणजीत आहे ते नुसतं पाकीट गोळा करणारं दुकान. दुपारी गेले तर कुलूप, एक ते चार. संध्याकाळी गेले तर मुलगा म्हणाला, मॅडम, वर पाठवतो. वर म्हणजे कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी ते पाकीट आलं, सोबत नव्या बँडावर वीस टक्के सूट देणारं कूपन. जुना बिघडवला म्हणून नवा घ्या, आणि तोही आमचाच!

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. खोक्याचा फोटो, बिल, हिरव्या टिकलीचा फोटो, सगळं दिलं. आठवड्याभरात कंपनीतून एक गोड आवाजाची मुलगी बोलली: क्लिप फुकट पाठवतो, बँड नाही. क्लिप आली. क्लिप कधी बिघडलीच नव्हती! पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात, म्हणजे मडगाव गाठायचं. हे म्हणतात बावीसशे रुपयांसाठी मडगावच्या फेऱ्या कोण मारणार. मी म्हणते चालणं तरी होईल. अर्ज भरून ठेवला आहे.

दरम्यान बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं पन्नास रुपयांत स्पिरिट लावून टिकल्या घासून दिल्या. आता क्लिपवर कपड्यांचा चिमटा लावला तर रात्रीत पूर्ण चार्ज होतो. सप्टेंबर अखेरच्या रिपोर्टात एचबीए१सी ५.८ आलं. श्रेय चालण्याला, उठबशीला, आणि रात्रीच्या भाताची मूद निम्मी केली त्याला. बँडाला मी त्यातलं उठबशीचं तेवढं देते.

कुणी घेणार असाल तर स्क्रीन आणि शंभर स्पोर्ट्स मोड बघू नका, दुकानात उलटा करून पोट बघा. उघड्या टिकल्या नसलेला, नुसता पाळण्यात ठेवून चार्ज होणारा मिळाला तर चारशे-पाचशे जास्त गेले तरी द्या. असाच असेल तर रोज रात्री काढून कोरड्या फडक्यानं पुसा, आणि अंघोळीला घालू नका, खोक्यावरची बाई काहीही करो. अ‍ॅपमध्ये 'सेडेंटरी रिमाइंडर' (तीच तासाची थरथर) सुरू ठेवा, त्याची वेळ ऑफिसच्या वेळेला जुळवा, जेवणाची सुट्टी वगळा. पाणी प्या, श्वास घ्या, झोपा, उभ्या राहा सांगणारं बाकी सगळं बंद केलं की बॅटरी सातऐवजी दहा दिवस जाते, आणि चिमटा तेवढा कमी लावावा लागतो.