फुकटच्या सॉर्नचे ४० पौंड

मी इंग्लंडात लेस्टरला राहतो. वेअरहाउसला रात्रपाळी होती तेव्हा वेळेवर बस मिळायची नाही, म्हणून १२५ सीसीची जुनी मोटरसायकल घेतली होती. पुढे-मागे लाल 'एल' लावून दोन वर्षं चालवली. गेल्या नोव्हेंबरात सीबीटीचं, म्हणजे 'एल' लावून चालवण्याआधी घ्याव्या लागणाऱ्या प्राथमिक ट्रेनिंगचं, सर्टिफिकेट संपलं (ते दोनच वर्षं चालतं), इन्शुरन्सही त्याच महिन्यात संपत होता आणि मला दिवसपाळी मिळाली होती. म्हटलं, गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवू, उन्हाळ्यात बघू.

पण इथे नुसती ताडपत्री टाकून भागत नाही. गाडी उभी असली तरी एक तर इन्शुरन्स चालू हवा, नाहीतर 'सॉर्न' हवं. म्हणजे ही गाडी रस्त्यावर येणार नाही, खासगी जागेतच राहील, असं डीव्हीएलएला कळवायचं. डीव्हीएलए म्हणजे स्वान्सीला बसलेलं अख्ख्या देशाचं आरटीओच समजा. सॉर्नला एक पैसा लागत नाही. हे मला माहीत नव्हतं, तिथेच घोळ झाला.

लंचब्रेकला मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेलं दाबलं. त्यावर 'स्पॉन्सर्ड' असं बारीक लिहिलेलं असतं, ते तेव्हा कोण बघतंय. पान उघडलं तर वर पट्टी, खाली हिरवं बटण, हुबेहूब सरकारी. तरी मी जरा बिचकलो होतो. पण गाडीचा नंबर टाकला आणि क्षणात कंपनी, रंग, टॅक्स कधीपर्यंत भरलाय ती तारीख, सगळं बरोबर समोर आलं. झालं, शंका गेली. ही माहिती सरकारकडेच असणार ना! नंतर कळलं की रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीची नंबरप्लेट टाकून ही माहिती कुणालाही फुकट बघता येते. शेजाऱ्याच्या गाडीची मी स्वतः बघितली.

मग त्यांनी लॉगबुकवरचा (लॉगबुक म्हणजे इथलं आरसी बुक) ११ आकडी नंबर मागितला. तोही दिला. गाडीची बरीच ऑनलाइन कामं याच नंबरावर होतात, तेव्हा घराची किल्लीच हातात दिली म्हणा. मग मोबाइल नंबर, ईमेल, आणि शेवटी कार्ड: ३९.९९ पौंड. 'प्रोसेसिंग'चे. आपल्याकडे कुठल्याही कामाला शंभर-दोनशे चार्ज द्यायची सवय, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. 'सेवा ताबडतोब सुरू करा' अशा चौकोनात टिकही केली.

ईमेलवर 'आपला अर्ज मिळाला' असं आलं. मी निवांत. इन्शुरन्स संपू दिला.

जानेवारीत पत्र आलं. गाडीला इन्शुरन्स नाही आणि सॉर्नही नाही. काहीतरी एक करा, नाहीतर १०० पौंड दंड. मी तो ईमेल पुन्हा उघडला. खाली एक पीडीएफ होती. ती मी तोवर उघडलीच नव्हती. त्यात सॉर्न कसं करावं याची माहिती होती! म्हणजे ४० पौंड त्या माहितीपत्रकाचे. त्यांच्या पानाच्या अगदी तळाशी, करड्यावर करड्या अक्षरांत, 'आमचा डीव्हीएलएशी संबंध नाही' हेही लिहिलेलं सापडलं.

बँकेत फोन केला. त्यांनी कार्ड बदलून दिलं, पैसे नाही. मी टिक केलेला चौकोन आडवा आला: सेवा ताबडतोब सुरू करा असं मीच सांगितलं होतं ना. बायको म्हणाली, "आरटीओबाहेरचा एजंट परवडला. निदान काम तरी करून देतो."

त्याच संध्याकाळी खरं सॉर्न केलं. या वेळी काही शोधलं नाही, गव्ह डॉट यूके हा पत्ता हाताने टाइप केला आणि तिथून आत गेलो. शेवटी 'गव्ह डॉट यूके' असलेला पत्ता खासगी माणसाला मिळत नाही. मात्र 'गव्ह'नंतर आडवी रेघ, किंवा शेवटी 'ऑर्ग डॉट यूके', असले पत्ते कुणालाही घेता येतात. तोच ११ आकडी नंबर टाकला. चार मिनिटं लागली. पैसे भरायचं पानच आलं नाही, आणि सवयीने मी ते शोधत बसलो.

एवढ्यावर संपलं नाही. आठवड्याने मेसेज आला: 'तुमचा वाहन कराचा परतावा बाकी आहे, खालील लिंकवर बँकेची माहिती भरा.' माझा परतावा खरोखरच बाकी होता! सॉर्न केलं की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत मिळतो. अंगठा लिंकपर्यंत गेला होता. पण परताव्यासाठी वेगळा अर्ज नसतो, लिंकही नसते. लॉगबुकवरच्या नावाने, त्याच पत्त्यावर पोस्टाने चेक येतो. मेसेज ७७२६ वर पाठवून दिला. हा नंबर असल्याच मेसेजसाठी आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. माझा मोबाइल नंबर त्यांना कुठून मिळाला हे सिद्ध करता येणार नाही, पण मला संशय कुणाचा आहे ते सांगायला नको.

चेक पुढे आला. या गाडीचा वर्षाचा करच २५ पौंडांच्या आसपास, त्यातले चार महिने उरलेले. आठ पौंड आणि काही पेन्स. बायकोने तो फ्रिजला चुंबकाने लावून ठेवलाय, बँकेत टाकू देत नाही.