डॅशकॅम घेताय? स्क्रीनवाला की बिनस्क्रीनचा

रोजच्या गाडीसाठी डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेवर लावून रस्ता टिपत राहणारा कॅमेरा, घ्यायचा म्हटलं की सगळी चर्चा रिझोल्यूशनवर जाते. दिवसाउजेडी हल्लीचा कुठलाही बरा कॅमेरा पुढच्या गाडीचा नंबर टिपतो, आणि रात्री आपल्याच हेडलाइटमध्ये चकाकणाऱ्या नंबर प्लेटपुढे भलेभले गडबडतात. त्यामुळे तो वाद मी बाजूला ठेवतो. माझ्या मते निवड करायची ती दोन प्रकारांतून. एक स्क्रीनवाला: मागे दोन-तीन इंची स्क्रीन, आत छोटी लिथियम बॅटरी. दुसरा बिनस्क्रीनचा: बॅटरीच्या जागी सुपरकपॅसिटर (थोडीशी वीज थोडा वेळ साठवणारा भाग), आणि चित्रण बघायचं तर मोबाइलवरच्या ॲपमध्ये. मी दोन्ही वापरले आहेत. माझी गाडी नागपुरात चालते आणि ऑफिसच्या आवारात दिवसभर उन्हात उभी असते, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

स्क्रीनवाल्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. काचेवर लावतानाच फ्रेम दिसते. बॉनेट किती येतंय, आकाश किती, ते तिथल्या तिथे बसवता येतं. रेकॉर्डिंग सुरू आहे की नाही हे नजर टाकली की कळतं. घरात गाडी दोघं-तिघं चालवत असतील तर ही सोय मोठी आहे. माझ्या वडिलांना ॲप-बिप काही नको असतं. दोन बटणं दाबून क्लिप लावता आली की त्यांचं काम झालं. आणि रस्त्यात कुणाशी वाद झाला तर समोरच्याला तिथेच दाखवता येतं. बिनस्क्रीनच्यात तेच करायचं तर फोन कॅमेऱ्याच्या वाय-फायला जोडा, मग त्या वाय-फायवर इंटरनेट नाही म्हणून फोन आपणहून मोबाइल डेटाकडे पळतो, तो डेटा बंद करा, पुन्हा जोडा, क्लिप शोधा. भर चौकात मागून हॉर्न वाजत असताना हे सगळं जिवावर येतं.

एवढं असूनही माझ्या काचेवर आज बिनस्क्रीनचा आहे. कारण घड्याळ.

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. हे सावलीतलं तापमान. नवतपात, म्हणजे मेअखेरीपासूनच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बंद गाडीच्या पुढच्या काचेमागे काय होत असेल ते दुपारी स्टिअरिंगला हात लावला की समजतं. लिथियम बॅटरीला साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करणं मानवत नाही; आपण मात्र भट्टीसारख्या गाडीत बसून स्टार्टर मारतो आणि तिचं चार्जिंग त्याच क्षणी सुरू होतं. अशाने ती लवकर म्हातारी होते. आता ही बॅटरी काही कॅमेरा चालवायला नसते, तो गाडीच्या विजेवरच चालतो. तिची कामं दोन: गाडी बंद केल्यावर शेवटची फाइल नीट सेव्ह करणं आणि तारीख-वेळ सांभाळणं. माझ्या स्क्रीनवाल्याने दुसऱ्या उन्हाळ्यात दोन्ही सोडली. मागच्या झाकणाला नख जाईल एवढी फट पडली, म्हणजे बॅटरी फुगली होती. आणि रोज सकाळी गाडी सुरू केली की कोपऱ्यात तारीख दिसायची 1 जानेवारी, तीही काही वर्षांपूर्वीची. रोज निघताना मेनूत जाऊन वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं भरायची. दुपारी जेवायला गाडी काढली की पुन्हा तेच.

त्याच दिवसांत वर्धा रोडवर एका पेट्रोल पंपावर पुढचा मालवाहू टेम्पो रिव्हर्स घेत माझ्या बंपरवर आला. ड्रायव्हर म्हणाला, तुम्हीच मागून ठोकलं. मी स्क्रीनवर क्लिप लावली. धडक स्वच्छ दिसत होती, नंबरही दिसत होता. त्याने कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे कधीचं आहे, साहेब?" स्क्रीनवाल्याची जी सर्वांत मोठी सोय, तिचाच उपयोग व्हायचा होता आणि नेमका तिथे तो उघडा पडला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनेही पहिला प्रश्न तोच विचारला. पंपावरच्या पावतीची वेळ, फोनमधले फोटो असं सगळं जुळवून प्रकरण मार्गी लागलं, पण कॅमेरा घेतला होता तो हे जुळवत बसावं लागू नये म्हणूनच.

प्रकरण कोर्टापर्यंत गेलं तर तारीख आणखी महत्त्वाची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलवरून काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा संकेतांक) द्यावं लागतं. क्लिपवर भलतंच वर्ष छापलेलं असेल तर समोरच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळतो.

सुपरकपॅसिटर विजेचा साठा फार धरत नाही. गाडी बंद झाल्यावर फाइल सेव्ह करण्यापुरते काही सेकंद मिळतात, बस. पण 65-70 अंशांपर्यंतची उष्णता तो सहज काढतो, आणि बॅटरीसारखा फुगण्याचा प्रश्न त्यात नसतो. माझ्या बिनस्क्रीनच्यात जीपीएस आहे. गाडी शेडमधून उघड्यावर आली की तो वेळ उपग्रहावरून घेतो. सुरुवातीला एकदा टाइम झोन साडेपाच तास पुढे लावला, तेव्हापासून तारखेकडे बघावं लागलेलं नाही. शिवाय तो आरशामागे बसतो, त्यामुळे रात्री समृद्धीवर डोळ्यांसमोर उजळलेली स्क्रीन नसते. ज्या गाड्यांत आरशामागे कंपनीचाच एडास (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असतो तिथे ही जागा मिळणार नाही, ती काच आधी बघून घ्या. वाय-फायची कटकट मात्र कायम आहे. ती मी क्लिप काढायची वेळ आली तरच सोसतो. घड्याळाची रोज सोसत होतो.

तुमची गाडी पुण्या-मुंबईत बेसमेंट पार्किंगला असते, महिन्यातून क्वचितच उन्हात उभी राहते, असं असेल तर माझं गणित तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही. माझ्या मेहुण्यांचा स्क्रीनवाला पुण्यात व्यवस्थित चालतो, त्यांनी तो बदलावा असं मी म्हणणार नाही. विदर्भ, खानदेश, मराठवाडा इथे मात्र मी बिनस्क्रीनचाच सुचवेन. थोडे जास्त पैसे टाकायची तयारी असेल तर स्क्रीन आणि सुपरकपॅसिटर दोन्ही असलेली मॉडेलंही मिळतात. वडीलधारी माणसं गाडी चालवत असतील तर तीच बघा.

कुठलाही घेतलात तरी मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्स असंच लिहिलेलं घ्या; साधी कार्डं रोजच्या ओव्हरराइटने लवकर दगावतात. व्हॅक्यूम कपपेक्षा टेपवाला माउंट बरा, कप उन्हात सुटतो. आणि दुकानदाराला विचारा: गाडी आठवडाभर बंद राहिली तर घड्याळाची वेळ कशावर टिकते? जीपीएस किंवा घड्याळासाठी वेगळा सेल, यातलं एक उत्तर आलं तर ठीक. 'ॲप जोडलं की वेळ आपोआप लागते' एवढंच उत्तर आलं, तर ॲप न जोडता कॅमेरा सुरू करायला सांगा आणि कोपऱ्यात कोणती तारीख येते ते बघा.