थंडीचे निमित्त आणि एकेचाळीस मीटरचा टेप

आंबिया बहराच्या संत्र्याची शेवटची खेप डिसेंबरअखेरीस निघते आणि नेमके त्याच पंधरवड्यात नागपूरचा पहाटेचा पारा आठ-नऊ अंशांवर उतरतो. कळमन्याजवळच्या आमच्या लहानशा शेडमध्ये दहा-दहा किलोंची पुठ्ठ्याची खोकी भरून ती पुण्या-मुंबईकडे पाठवण्याचे काम मी आणि माझी पत्नी सात वर्षांपासून करतो. खोकी बंद करायचा तपकिरी टेप या हंगामात मी इतवारीतल्या एका नव्या व्यापाऱ्याकडून घेतला. रोलमागे चार रुपये कमी पडत होते म्हणून 72 रोलचे दोन बॉक्स एकदमच उचलले आणि पक्क्या बिलाऐवजी त्याने डायरीच्या पानावर लिहून दिलेली कच्ची पावती खिशात घातली.

तिसऱ्याच दिवशी सकाळी गाडी भरताना एका खोक्याचे तळाचे फ्लॅप उघडले आणि संत्री शेडभर घरंगळली. बाकीची खोकी तपासली तर बहुतेकांवरचा टेप कडेने उचललेला होता. पॅकिंग करणाऱ्या ताईंनी त्यातली एक पट्टी ओढून मला दाखवली. ती हाताला कसलाही विरोध न जाणवता सबंध निघून आली होती आणि तिच्या खालच्या बाजूला पुठ्ठ्याचा एकही धागा लागलेला नव्हता.

व्यापाऱ्याला फोन केला, तर त्याचे उत्तर जणू तयारच होते. "भाऊ, थंडी पाहा ना कशी पडून राहिली! गोंद आखडते. यात टेपचा काय दोष?" वर 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांवर गेला होता, त्या वर्षी भल्या भल्या टेपांनी दगा दिला, हेही त्याने ऐकवले. मी गप्प बसलो, कारण त्याच्या बोलण्यात निम्मे सत्य होते.

दाबल्यावर चिकटणाऱ्या टेपचा गोंद पृष्ठभागावर थोडा पसरून त्याच्या बारीक खाचांत शिरावा लागतो, तेव्हाच पकड येते. थंडीत तो घट्ट होतो आणि नुसता वरवर टेकून राहतो, म्हणूनच साधारण दहा अंशांच्या खाली टेप लावू नये असे बरेच उत्पादक सांगतात. हॉट मेल्ट, म्हणजे वितळवून लावलेल्या, गोंदाची सुरुवातीची पकड जोरदार असते, पण थंडीत तो ॲक्रिलिक गोंदाच्या आधी ताठर होतो. त्यातून खोकी रात्रभर उघड्या शेडमध्ये राहिली तर पुठ्ठा दमट होतो. मात्र उबेत टेप एकदा नीट बसला की नंतरच्या थंडीने तो असा सहजासहजी सुटत नाही. व्यापाऱ्याने गाळली ती नेमकी ही गोष्ट, कारण आमची बरीच खोकी दुपारी बंद केलेली होती.

दोष टेपचाच असावा ही शंका मनात पक्की झाली ती शेजारच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या मित्रामुळे. त्याच आठवड्यात त्याच्या सेक्शनवरची, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांवरची, संरक्षक फिल्म काढताना तिच्या चिंध्या होत होत्या. त्याने केस वाळवायचे यंत्र आणून फिल्म कोमट केली आणि ती सलग सुटून आली. म्हणजे तिथे दोष खरोखर थंडीचा होता, कारण ऊब देताच तो गेला. हीच परीक्षा टेपलाही लावावी असे मला वाटले.

मी दोन रोल रात्रभर स्वयंपाकघरात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन तापलेले असताना, कोरड्या पुठ्ठ्यावर त्यांच्या पट्ट्या लावून तळहाताने घासल्या. दोन तासांनी ओढल्या, तर त्या पुन्हा कोऱ्याच निघाल्या. उलट कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला एक रोल मुद्दाम रात्रभर शेडमध्ये ठेवून पहाटे लावला. त्याची पकडही आधी कच्ची होती, हे कबूल करायला हवे, पण ऊन आल्यावर घासून दोन तास ठेवलेली पट्टी ओढताच पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा तिच्यासोबत उचकटून आला.

मग मी टेप मोजायला घेतला. वेष्टणावर लांबी 65 मीटर छापलेली होती. पाच मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकून टेप येरझाऱ्या घालत गुंडाळला, तर आठ फेऱ्या आणि वर जेमतेम मीटरभर, म्हणजे 41 मीटर भरला. आतली पुठ्ठ्याची नळी आठ मिलिमीटर जाड होती, दुकानातल्या रोलची तीन. दोन्ही रोल बाहेरून सारख्याच घेराचे दिसत होते आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही दीडशे ग्रॅमच्या आतबाहेरच भरले. हातात घेऊन अंदाज करणाऱ्याला फरक कळूच नये, अशी ही कारागिरी होती. फक्त नळी वेगळी काढून तोलल्यावर स्टेशनरीवाल्याच्या रोलात निव्वळ टेप 121 ग्रॅम आणि व्यापाऱ्याच्या रोलात 70 ग्रॅम निघाला. मीटरमागे वजनही कमी भरत होते, म्हणजे गोंदाचा थरही बहुधा पातळच होता. 144 रोलांचा हिशेब केला तर सुमारे साडेतीन किलोमीटर टेप मला मिळालाच नव्हता.

वेष्टणावर उत्पादकाचे नाव, पत्ता, महिना-वर्ष यांपैकी काहीही नव्हते. किरकोळ विक्रीच्या वेष्टणांवर हे सारे छापणे 2011 च्या वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनुसार बंधनकारक आहे आणि माप कमी भरल्यास वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. व्यापारासाठी केलेली खरेदी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा बसत नाही, परंतु स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरती खरेदी असेल तर बसू शकते. आम्ही त्यात बसलो असतो असे मला वाटते, पण तो माल त्याच्याच दुकानातला आहे हे दाखवायला माझ्याकडे डायरीच्या पानाखेरीज काही नव्हते, आणि त्या पानावर दुकानाचे नावसुद्धा नव्हते.

मी नळ्या आणि खुंट्यांवरचा टेप घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा त्याने थंडीचे नाव काढले नाही. न फोडलेला एक बॉक्स परत घेतला, फोडलेल्याचे पैसे दिले नाहीत. आता नवा रोल आला की ताई आधी नळीची जाडी पाहतात, एक पट्टी पुठ्ठ्यावर लावून ओढतात, आणि मगच मला पैसे द्यायला सांगतात.