दादांची दुनळी आणि पेठेतलं बंदुकीचं दुकान

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकांनीच सांगितलंय, "ताई, आमचं कौतुक नेटवर नको, नको ती गिऱ्हाइकं येतात." पुण्यातल्या जुन्या पेठेत आहे, परवानाधारक शस्त्रविक्रेते आहेत, एवढं पुरे. पाचपैकी चार तारे.

काम होतं दादांची बारा बोअरची दुनळी बंदूक विकण्यासाठी जमा करण्याचं. मुळशीत शेताच्या राखणीला, रानडुकरांसाठी घेतलेली. दादा गेले आणि ती घरात ठेवणंच बेकायदा झालं, कारण परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. आम्ही पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घेतली. भाच्याचं मात्र वेगळंच. "आत्या, एवढा व्याप कशाला? फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. संध्याकाळपर्यंत जाईल."

मालकांनी आधी त्याला फोन खिशात ठेवायला लावला. दुकानात फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर मालाचे फोटो मागायचे नाहीत, हा त्यांचा दंडक. मग शांतपणे समजावलं. स्वतःची परवान्यावरची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते, पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर निदान 45 दिवस थांबायचं. दादा हयात असते तरी त्यांना हेच करावं लागलं असतं. आणि बेकायदा शस्त्रविक्रीला शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. हे ऐकून पोरगा एकदम सरळ बसला.

तरी त्याने एक जाहिरात दाखवलीच: 'ओरिजिनल पीस, निम्मे पैसे आधी.' मालक हसले नाहीत. "यात दोनच गोष्टी होतात. पैसे बुडतात, नाहीतर खरंच बंदूक घरी येते. दुसरी जास्त वाईट." फेसबुक-इन्स्टाग्रामने जानेवारी 2016 मध्येच खासगी लोकांनी आपसात बंदुका विकण्यावर बंदी घातली, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. तो निर्णय अमेरिकेतल्या दबावातून आला होता आणि परवानाधारक दुकानांना त्यात सूट होती. "पण कंपनी फार तर पोस्ट उडवेल," ते म्हणाले, "आपल्याकडे 1959चा शस्त्र कायदा आहे, तो माणूस उचलतो."

जमा करून घेण्याचं काम चोख. दोन्ही नळ्यांत डोकावून बघितलं, नंबर परवान्याशी ताडला, रजिस्टरमध्ये नोंद केली, कुंद्यावरची चीर पावतीवर लिहून घेतली. (ती चीर दादांनी गोठ्याच्या दारावर आपटून केलेली, हे मी सांगितलं नाही.) गिऱ्हाईक मिळालं तर त्याचा परवाना तपासूनच विकतील. कायद्याने ठरवलेल्या मुदतीत ना विकली ना परत घेतली, तर ती सरकारजमा होते, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

किंमत ऐकून जीव हळहळला. माझ्या मनात होतं त्याच्या निम्मीही नाही. कारणही पटण्यासारखं होतं. 2019 मध्ये एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा राहिली, लोकांनी तिसरी काढून टाकली, जुन्या दुनळ्यांनी कपाटं भरली. त्याबद्दल तारा कापलेला नाही. कापला तो ठेवणावळीसाठी. फोनवर विचारलं तर "या, बघू". महिन्याचा आकडा कळला तो सगळे कागद सह्या करून दिल्यावर. दरपत्रक भिंतीवर लावायला काय हरकत आहे?

जाणार असाल तर मूळ परवाना, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची लेखी संमती आणि ओळखपत्र न्या, झेरॉक्स दोन-दोन. घरात उरलेली काडतुसंही शोधा. आमची देवघराखालच्या खणात, जुन्या पंचांगांच्या मागे सापडली.