मोजे घ्यावेत की हवेचे बूट?

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळून आला की पुतण्याच्या पोटऱ्या दगड होतात. परवा विचारत होता, "काका, कॉम्प्रेशनचे मोजे घेऊ की ते हवा भरणारे बूट?"

पळताना पोटरीचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात. पळणं एकदम थांबलं की हा पंप थांबतो, रक्त पायात साचतं, हृदयाकडं कमी परततं. काहींना तिथंच गरगरतं. मोजे घोट्याशी घट्ट, वर सैल होत जातात आणि शिरांना आधार देतात. बूट पावलापासून मांडीपर्यंत टप्प्याटप्प्यानं दाबतात. काम एकच. दुखणं दोन्हींनी थोडं कमी वाटतं. हृदयाचे ठोके झपाट्यानं उतरतील ही आशा मात्र धरू नये. त्यासाठी 10 मिनिटं सावकाश चालणंच बरं, आणि ते फुकट.

खर्चात तुलनाच नाही, बूट कित्येक पटींनी महाग. मोज्यांचं इलॅस्टिक धुऊन धुऊन सैल पडतं, बदलावे लागतात. घामेजल्या पायावर ते चढवणं हीही एक कसरतच! बुटांना चार्जिंग आणि अर्धा तास बैठक हवी.

आठवड्यातून एकदा घाट चढणाऱ्याला मोजे पुरेत, पोटरीचं माप घेऊनच. बूट रोज दोन वेळा सराव करणाऱ्यांना, तेही चौघांत मिळून. पायात रक्ताची गुठळी किंवा धमनीचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नकोत.